एका ओळीत मावलेलं गाव

२०११ च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या भरली १,७१,००६. शेजारच्या हवेलीची २४,३५,५८१. दक्षिणेला वेल्ह्याची, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याची, ५४,५१६. पुणे जिल्ह्यातल्या चौदाही तालुक्यांचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली तर ९४,२९,४०८ येते, आणि जिल्ह्याचा म्हणून छापलेला आकडाही नेमका तोच आहे. एका माणसाचाही फरक नाही. सरकारी कागदांवर विश्वास नसलेल्यांनी ही बेरीज एकदा जरूर करून पाहावी.

पण मुळशीचा हा एक लाख एकाहत्तर हजारांचा आकडा घेऊन मुळशीत जायचं कुठं? चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव-भुकूमला प्लॉटिंगचे फलक, पिरंगुटला कारखान्यांची गेटं, पौडला तहसील कचेरी. पुढं धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि ताम्हिणीच्या बाजूला भाताची खाचरं, धनगरवाडे, कातकऱ्यांच्या वाड्या. उत्तरेला वळलं तर हिंजवडी, माण, मारुंजी, म्हणजे आयटी पार्क. हे सगळं एकाच तालुक्यात, एकाच तहसीलदाराच्या हाताखाली. याची सरासरी काढून जो माणूस तयार होईल तो थोडा अभियंता, थोडा भात लावणारा, थोडा वॉचमन असेल, आणि तालुक्यातल्या कुठल्याही गावात शोधला तरी सापडणार नाही.

म्हणून तालुक्याच्या आकड्यापाशी थांबायचं नाही, खाली उतरायचं. आणि आपल्या जनगणनेत खाली उतरायला चांगला जिना आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. देशाची एकशे एकवीस कोटी माणसं, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी, मग जिल्हा, मग तालुका, आणि त्याखाली गाव. प्रत्येक जिल्ह्याची एक ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ निघते. तिच्या पहिल्या भागात गावातल्या सोयी: शाळा आहे का, पिण्याचं पाणी कुठलं, एसटी येते का, बँक नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहा किलोमीटरवर आहे की त्याहून लांब. दुसऱ्या भागात माणसं. प्रत्येक महसुली गावाला एक ओळ. घरं किती, बाई-माणूस किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे, न करणारे. यातले बहुतेक आकडे पुरुष आणि स्त्रिया असे वेगळे. हीच माहिती आता संगणकावर तक्त्यांच्या रूपात फुकट मिळते. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी.

या ओळींमागची यंत्रणा बघितली की चक्रावायला होतं. २०११ साली सुमारे सत्तावीस लाख प्रगणक आणि पर्यवेक्षक कामाला लागले होते, बहुतेक शाळामास्तर. एकेका प्रगणकाला साधारण सव्वाशे ते दीडशे घरांचा एक गट. आधी त्या भागाचा नजरी नकाशा हाताने काढायचा: हे देऊळ, हा ओढा, ही विहीर, हा रस्ता. मग घरांना क्रमांक घालायचे. ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार जाऊन २९ प्रश्न विचारायचे, २८ च्या रात्री बेघरांना गाठायचं, आणि मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा फेरी मारून मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते दुरुस्त करायचं. ‘१ मार्चच्या मध्यरात्रीचा देश’ असा तयार होतो. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमामुळे एकेका माणसाने दिलेलं उत्तर कोणालाही पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही ते मागता येत नाही. माणूस लपतो, गाव दिसतं.

आता यातली एक उलटी गंमत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जनगणनेचे आकडे सव्वाशेएक घरांच्या छोट्या तुकड्यांनी जाहीर होतात. चाळीस घरांपेक्षा लहान तुकडा करायचा नाही एवढी अट. आपला प्रगणकाचा गट जवळपास त्याच मापाचा. पण आपल्या पुस्तिकेत ओळ मिळते ती गावाला किंवा शहरातल्या वॉर्डाला. परिणाम असा की मुळशीच्या डोंगरात दीड-दोनशे माणसांचं गाव असलं तर ते स्वतःची ओळ घेऊन ऐटीत बसतं, आणि पुण्यातला हजारो माणसांचा वॉर्ड, त्यात बंगले, चाळी, झोपडपट्टी सगळं आलं, त्यालाही ओळ एकच. ज्या शहरात इंटरनेटचा वेग मोजतात तिथली वस्ती पुस्तिकेत धूसर, आणि जिथं फोनला रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं तिथलं गाव स्वच्छ! शहराचं धूसरपण किती लपवतं याचा अंदाज २०१८ साली बंगळूरच्या आयआयएममधल्या संशोधकांनी दाखवला. महानगरांतले प्रगणक-गटांच्या पातळीवरचे २०११ चे आकडे घेऊन त्यांनी वस्त्या किती जातवार विभागलेल्या आहेत ते तपासलं. वॉर्डाच्या आकड्यांत मिसळून गेलेली वाटणारी माणसं, गटाच्या पातळीवर उतरलं की वेगवेगळ्या गल्ल्यांत राहताना दिसतात.

अर्थात गावाची ओळही पूर्ण स्वच्छ नसते. महसुली गाव म्हणजे गावठाण, आणि त्याच्या शिवेतल्या सगळ्या वाड्या-वस्त्या. वरच्या सड्यावरचा धनगरवाडा आणि खाली ओढ्याकाठची कातकरवाडी, दोन्ही त्याच एका ओळीत विरघळतात. तिकडे उलट, ज्या गावात आता कोणीच राहत नाही त्यालाही ओळ असते. महसुली भाषेत अशा गावाला बेचिराख गाव म्हणतात. महाराष्ट्रात २०११ साली साडेत्रेचाळीस हजारांहून जास्त गावं नोंदली गेली, त्यातली अडीच हजारांहून जास्त निर्जन. नाव आहे, हद्द आहे, क्षेत्रफळ आहे, माणसांच्या रकान्यात काही नाही.

ओळ वाचायची म्हणजे रकाने ओळखावे लागतात, आणि रकाने फसवे आहेत. साक्षरतेचंच घ्या. समजा एका गावात हजार माणसं, त्यात दीडशे मुलं सहा वर्षांपर्यंतची, आणि साक्षर ६८०. घाईघाईने भागाकार केला तर ६८ टक्के. पण जनगणनेत साक्षर कोण हे सात वर्षांपुढच्यांतच मोजतात. ती दीडशे मुलं वजा केली की साडेआठशेत ६८०, म्हणजे ८० टक्के. जिथं मुलं जास्त तिथं चुकीच्या भागाकाराने गाव जास्तच अडाणी ठरतं. असे भागाकार करून बनवलेले रंगीत नकाशे मी छापील अहवालांत पाहिलेत.

कामाचे रकाने तर अख्खी मुळशी सांगतात. काम करणारे चार जातींचे: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि इतर. शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला नव्हे. जमीन स्वतःची असो, सरकारकडून मिळालेली असो की खंडाने-वाट्याने घेतलेली, जो ती कसतो किंवा कसण्यावर देखरेख ठेवतो तो शेतकरी. जमीन वाट्याने देऊन स्वतः तिकडे फिरकत नाही तो जमीनमालक असला तरी या रकान्यात बसत नाही. आणि जमीन विकली की माणूस सरकतो ‘इतर’मध्ये. २०१८ साली आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटात जे घडतं ते पुस्तिकेत असं दिसतं: एका रकान्यातून माणसं कमी, दुसऱ्यात जास्त. गुंठे विकून आलेली गाडी आणि गाडीनंतरची फरफट कुठल्याच रकान्यात नाही.

आणि हा ‘इतर’ रकाना म्हणजे अजब कोठार आहे. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत बसणारा अभियंता ‘इतर’. त्याच इमारतीच्या गेटवर वही घेऊन बसलेला वॉचमन ‘इतर’. शाळेतल्या बाई, डंपरचा ड्रायव्हर, भटजी, चहाची टपरी चालवणारा, सगळे ‘इतर’. ज्या गावात इतरांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं ते श्रीमंत झालं असं समजू नये. ते शेतीतून बाहेर पडलं एवढंच कळतं. कोण वरच्या मजल्यावर गेलं आणि कोण गेटवर राहिलं हे बघायला घरयादीच्या वेळी जमवलेला दुसरा तक्ता काढावा लागतो. त्यात भिंती कशाच्या, चूल कशावर, संडास घरात का बाहेर, दुचाकी आहे का, हे टक्केवारीत मिळतं.

मुख्य काम आणि सीमांतिक काम हाही भेद असाच. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य, कमी असेल तर सीमांतिक. मुळशीच्या वरच्या अंगाला पावसाळी भाताचं एकच पीक. आंबेमोहोराची लावणी करणारी, बेणणी, कापणी, झोडणी करणारी बाई वर्षाचे तीन-चार महिने राबते आणि ‘सीमांतिक’ ठरते. बाकीचे महिने ती जे पाणी आणते, सरपण गोळा करते, गुरं बघते, त्यातलं बरंचसं कामाच्या व्याख्येत बसवताना प्रगणक आणि घरचा कर्ता पुरुष या दोघांचाही गोंधळ उडतो.

बाईच्या कामाचा विषय निघालाच आहे तर गाव कधी शहर होतं तेही सांगायला हवं. नगरपालिका नसली तरी तीन कसोट्या पार केल्या की जनगणना त्या गावाला शहर म्हणते: लोकसंख्या निदान ५,०००, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी! गावातले बाप्ये पिरंगुटच्या कारखान्यात जाऊ लागले आणि बायका अजून वावरात असल्या तरी कसोटीच्या दृष्टीने त्या गावात शेती उरलेली नाही. अशी ‘जनगणना शहरं’ देशात २००१ साली १,३६२ होती. २०११ ला ती ३,८९० च्या वर गेली. यांतल्या बहुसंख्य ठिकाणी कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. आयटी पार्क उभं राहून दशक उलटलं तरी हिंजवडीचा कचरा, पाणी, दिवे हे सगळं सरपंचाच्या गळ्यात होतं. ग्रामपंचायतीत सदस्य किती असावेत तेही लोकसंख्येवर ठरतं: दीड हजारापर्यंत सात, मग टप्प्याटप्प्याने साडेसात हजारांच्या पुढे सतरा. आणि ही लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची. म्हणजे टॉवरवर टॉवर चढत असताना पंचायतीचा हिशोब २०११ च्या माणसांवर चालू.

आता नकाशा. आकड्यांना नकाशावर रंगाने उतरवायची कल्पना जुनी आहे. शार्ल द्युपँ या फ्रेंच माणसाने १८२६ साली फ्रान्सचा शिक्षणाचा नकाशा काढला. जिथं शाळेत जाणारी मुलं कमी तो प्रांत गडद काळा. आपल्याला तेच मुळशीसाठी करायचं असेल तर घरच्या संगणकावर होतं. गावांच्या हद्दींची फाइल, जनगणनेचा तक्ता, आणि क्यूजीआयएससारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. दोन्ही जोडायची ती गावाच्या नावावर नव्हे, क्रमांकावर. २०११ ला देशातल्या प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक दिला गेला, तो वापरायचा. नावांचा भरवसा नाही: महाळुंगे मुळशीत आहे आणि चाकणजवळ खेड तालुक्यातही आहे. बावधन खुर्द पुणे महापालिकेत १९९७ पासून, बावधन बुद्रुक २०२१ पर्यंत मुळशीत. नावावर जोडणी केली की माणसं भलत्याच तालुक्यात जाऊन पडतात.

नकाशा रंगला की पहिल्यांदा खूप काही कळल्यासारखं वाटतं. मग शंका येऊ लागतात. पश्चिमेची गावं आकाराने मोठी, डोंगर, जंगल आणि जलाशय पोटात घेतलेली, माणसं मोजकी. पूर्वेची गावं आटोपशीर आणि दाट. त्यामुळे कागदावरचा बहुतेक रंग जिथं माणसं नाहीत तिथं सांडतो आणि बहुतेक माणसं नखाएवढ्या पट्टीत कोंबली जातात. यावर उपाय म्हणजे रंग भरण्याऐवजी ठिपके टाकायचे, दर पन्नास माणसांमागे एक. ठिपक्यांचा नकाशा काढला की डोळा क्षेत्रफळाकडून माणसांकडे वळतो. त्यातही ठिपका पाण्यात पडू नये म्हणून जलाशय आधी कापून काढायला हवा.

दुसरी शंका जास्त खोल आहे. गावांचे गट पाडून तुलना करायची तर रेषा कुठं मारायच्या? मुळशीत दोन रीती सरळ सुचतात. एक, पुण्यापासूनच्या अंतराने पट्टे: जवळचा, मधला, घाटमाथ्याचा. दुसरी, जुन्या पद्धतीने खोऱ्यांप्रमाणे: पौड, मुठा, मोसे, कोळवण. पट्टे पाडले तर पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. खोरी पाडली तर तोच फरक गडप होईल, कारण खोरी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतात. बऱ्याच खोऱ्यांचं वरचं टोक डोंगरात आणि खालचं शहराच्या दिशेला, मग दोन्ही टोकं एकाच बेरजेत जिरतात. माणसं तीच, घरं तीच, बदललं काय तर आपण मारलेली रेषा. स्टॅन ओपनशॉ या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९८४ साली या दुखण्यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. रेषेला सोयीप्रमाणे वाकवून हवं ते सिद्ध करता येतं, आणि मतदारसंघ पाडणाऱ्यांना हे ओपनशॉच्या आधीपासून कळत असावं.

तिसरी गोष्ट आकडे कमी असण्याची. ही मला सगळ्यांत मोहक वाटते. समजा एका लहान गावात सहा वर्षांपर्यंतची वीसच मुलं आहेत. त्यात बारा मुलगे, आठ मुली. दर हजार मुलांमागे मुली ६६७! वर्तमानपत्रात मथळा व्हावा असा आकडा. पलीकडच्या गावात उलट, आठ मुलगे आणि बारा मुली, म्हणजे १,५००. एक गाव काळं रंगतं, दुसरं हिरवं. प्रत्यक्षात वीस वेळा नाणं उडवलं तरी आठ-बारा अशी विभागणी सहज पडते. दोन्ही गावांत कोणी काही केलेलं नाही. तेच गुणोत्तर वीस हजार मुलांवर काढलं तर नशिबाचा हा खेळ साधारण ९८६ ते १,०१४ या चिंचोळ्या पट्ट्यात आवळला जातो. पुणे जिल्ह्याचा २०११ चा हाच आकडा ८८३ होता, लाखो मुलांवरचा. तो नाण्याचा खेळ नव्हे. तिथं माणसांनी काहीतरी केलेलं आहे. म्हणजे जेवढं खाली उतरावं तेवढं जवळून दिसतं, आणि तेवढंच थरथरतंही. जिल्ह्यातलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट गाव कोणतं याची यादी केली की दोन्ही टोकांना हमखास चिमुकली गावंच येतात, ती केवळ चिमुकली असतात म्हणून.

चौथी ठेच डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवली. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथं निरक्षर कमी. मग परदेशी लोक जास्त शिकलेले का? एकेक माणूस बघितला तर चित्र उलटं होतं: परदेशी जन्माचे लोकच थोडे जास्त निरक्षर. ते येऊन राहिले होते शिकलेल्या, संपन्न राज्यांत, एवढंच. मुळशीतल्या लवळे गावाला हे ताबडतोब लागू करता येतं. गावाच्या हद्दीत डोंगरावर दोन विद्यापीठं. वसतिगृहातली मुलं जनगणनेच्या काळात तिथं राहत असली तर ती गावाच्याच लोकसंख्येत धरली जातात. ओळीत पदवी शिकणारी तरुण मुलं आणि मूळ गावकरी यांची मिसळ होते. ती ओळ वाचून लवळ्याच्या जुन्या घरांत शिक्षण किती झिरपलं ते सांगता येणार नाही.

याच भागाच्या जवळ शंभर वर्षांपूर्वी एकाने अगदी दुसऱ्या टोकाने काम केलं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी मुळा-पवनेच्या दुआबातलं पिंपळे सौदागर हे एकच गाव धरलं आणि घर न् घर, तुकडा न् तुकडा मोजून १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. जमिनीची खांडोळी किती, कर्ज किती, शेतीवर घर चालतं का. बहुतेकांचं चालत नव्हतं. त्याच पिंपळे सौदागरमध्ये आज टॉवर आहेत आणि त्यातली कितीतरी माणसं रोज सकाळी हिंजवडीच्या रहदारीत अडकतात. मॅनसाहेबांना जे कळलं ते पुस्तिकेच्या ओळीतून कधीच कळलं नसतं; पण त्यांना एकच गाव जमलं, आणि पुस्तिकेत सगळी आहेत.

मुळशीत या ओळींचा इतिहास वाचताना एका तारखेपाशी मी नेहमी अडखळतो. १९२१ ची जनगणना झाली १८ मार्चला. तेव्हा ती एका रात्रीत व्हायची. रात्र निवडतानाही चांदणं असेल, सण नसेल असं बघत. त्या रात्री, तेव्हा हवेली तालुक्याचाच भाग असलेल्या मुळशी पेट्यात प्रगणक घरोघरी फिरले असतील. निळा आणि मुळा यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं टाटांच्या धरणाच्या पाण्याखाली जाणार हे तोवर ठरलं होतं. मोजणीनंतर एकोणतिसाव्या दिवशी, १६ एप्रिलला, रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढं सेनापती बापट त्याचे म्होरके झाले. सत्याग्रह मोडला, दहा हजारांच्या आसपास माणसं हलली, धरण १९२७ च्या सुमारास पुरं झालं आणि मुळेचं पाणी सह्याद्री फोडून पलीकडे भिऱ्याला वीज करायला गेलं. १९३१ ला प्रगणक पुन्हा आले तेव्हा खोऱ्याचा तळ पाण्याखाली होता. त्या गावांची त्यांच्या जुन्या जागेवरची शेवटची मोजणी म्हणजे १८ मार्च १९२१ ची रात्र. १९२१ आणि १९३१ चे आकडे शेजारी ठेवून कोणी ‘वाढीचा दर’ काढला तर तो गणिताने बरोबर येईल.

दोन जनगणनांची तुलना ही सगळीकडे अशीच निसरडी. सूस, महाळुंगे आणि बावधन बुद्रुक ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत गेली. पुढच्या जनगणनेत मुळशीची वाढ बघताना ही तीन दाट गावं २०११ च्या बेरजेतूनही काढावी लागतील, नाहीतर तालुक्याची वाढ खुंटल्यासारखी दिसेल. मोजणीचा मुहूर्तही बघावा लागतो. लवासाचं बांधकाम थांबवण्याचा आदेश पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिला, मोजणी झाली फेब्रुवारी २०११ मध्ये. लवासा जिथं उभं राहत होतं त्या दासवे-मुगावच्या ओळी वाचणाऱ्याने हे शेजारी लिहून ठेवलेलं बरं. हिंजवडीच्या ओळीत दिवसा तिथं येणारे हजारो लोक नाहीत. जनगणना माणसाला जिथं तो राहतो तिथं मोजते, कामावर नव्हे. दुपारी दोनची हिंजवडी कोणत्याच पुस्तिकेत नाही.

आणि फेब्रुवारी हा महिना. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता तो घरी मोजायचा नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचा, असा नियम. बीडचे ऊसतोड कामगार त्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्राच्या फडावर असतात. मुळशीतली, मावळातली, कोकणच्या बाजूची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे अनुसूचित जमातीच्या रकान्याचा नकाशा फेब्रुवारीत काढला तर एक येईल आणि ऑगस्टमध्ये दुसरा. भट्टीवरच्या झापात प्रगणक पोचला तर ते कुटुंब भट्टीच्या गावाच्या ओळीत जातं. नाही पोचला तर कुठल्याच ओळीत नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, तेव्हा ही गळती कागदापुरती राहत नाही. ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा या रकान्यावर ठरतात.

आताच्या जनगणनेची संदर्भाची वेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे. मोजणी मोबाइलवर, हवं तर स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद. तिच्या दोन फेऱ्या मात्र दोन निरनिराळ्या ऋतूंत पडतात. घरयादीला २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमधला काळ ठरवला आहे, माणसांच्या मोजणीला २०२७ चा फेब्रुवारी. एखाद्या कातकरवाडीची घरं पावसाच्या तोंडाशी मुळशीच्या गावात नोंदली जातील आणि त्या घरांतली माणसं, पोचलाच कोणी तिथवर तर, भट्टीच्या गावात.